हत्ती म्हणजे कापूस

२२ जून, रविवार

काल आप्पांना घेऊन आई आणि मी बेळगावला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. खानापूर सोडल्यापासून पाऊस, तरी आप्पा बसची खिडकी लावू देत नव्हते. बंद जागेत त्यांचा जीव घाबरतो.

डॉक्टर नवे, मराठी फारसं न येणारे. आप्पांना कन्नड येत नाही. १९७३ ला मुंबई गाठली ती २०१६ पर्यंत. आजवर जो तो विचारतो, बिडी ओढता का? त्यांनी बिडीला कधी हात लावलेला नाही. म्हातारपणाचा खोकला म्हणून बाटली घेऊन आम्ही परत यायचो.

काल आई पुढं झाली. तिचं कन्नड बाजारात तांदूळ विकता विकता आलेलं. "हत्ती गिरणी," ती म्हणाली. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. डॉक्टरांनी मान वर केली आणि खुर्ची आईकडं वळवली. मग तिनं सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. गिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरतात तिथं, असताना सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की आप्पांची छाती आवळायची, पुढं आठवडाभरात सैल पडायची. कुठल्याशा गणपतीला गावी आल्यावर त्यांनी तिला हे बोलून दाखवलं होतं. तिनं ते एवढी वर्षं जपलं! डॉक्टर म्हणाले, ही कापसाच्या धुळीची खूण. फार वर्षं धूळ आत गेली तर गिरणी सुटल्यावरही छाती पूर्ववत होत नाही. १९८२ च्या संपानंतर आप्पा परत खात्यात लागले होते, गिरणीला कायमचं टाळं लागेपर्यंत. नळीत फुंकायला लावून तपासलं, पंप दिला.

मुंबईच्या खोलीत वीसजण, पाळ्यांप्रमाणे आलटून पालटून झोपणारे. रात्री कुणाला ढास लागली की शेजारचा उठून पाणी द्यायचा, असं आप्पा सांगतात. इथं घर मोठं, दादा-वहिनी, नातवंडं, आणि आप्पा सोप्यात एकटे. शेत, म्हैस, देणीघेणी सगळं आई बघत आली. मनिऑर्डर पाठवणारा माणूस कायमचा घरी आला तेव्हा त्याची जागा कुठली हे कुणी ठरवलंच नाही. त्यांचा रात्रीचा खोकला माजघरापर्यंत पोचत नव्हता. भरल्या घरात म्हाताऱ्या माणसाकडं आपोआप लक्ष जातं असं मी धरून चालले होते. नाही जात. याचं मला फार वाईट वाटतंय.

काल रात्री आईनं अंथरूण सोप्यात आणलं. पंप ओढून श्वास दहा मोजेपर्यंत धरायचा. ती मोजत होती, डॉक्टरांनी मोजून दाखवलं तसंच, ओंदु, एरडु, मूरु. आप्पा तिच्या तोंडाकडं बघत होते.

उठताना तिनं चौकट धरली. गुडघा कधीपासून दुखतोय म्हटलं, तर म्हणाली, "लावण होऊंदे, मग बघूया की."

पुढच्या शनिवारी तिच्यासाठी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तिला अजून सांगितलेलं नाही.