तुम्ही विचारलंत म्हणून: सोर्स-टार्गेट असताना ‘रिलीज’चा हट्ट कशाला?

“पॉम फाइलमध्ये सोर्स ८, टार्गेट ८ लिहिलंय. मग पुन्हा ‘रिलीज’ कशाला मागता?” टीममध्ये नवं कुणी आलं की रिव्ह्यूत हा प्रश्न येतोच. आता एकदाच नीट सांगतो. पॉम म्हणजे जावा प्रोजेक्टचा बिल्ड कसा करायचा हे लिहिलेली मेव्हन या साधनाची फाइल; सोर्स, टार्गेट आणि रिलीज हे तिथून जावाच्या कंपायलरला दिले जाणारे पर्याय.

एका ग्राहकाचा सर्व्हर जावा ८ वर होता. बिल्ड झाला तो जेडीके ११ वर (जेडीके म्हणजे कंपायलर आणि लायब्ररीसकट जावाचा संच), सोर्स-टार्गेट दोन्ही ८. टेस्ट सगळ्या पास. क्लास फाइलचा, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या बाइटकोडच्या फाइलचा, आवृत्ती-नंबरही ५२, म्हणजे जावा ८ चाच. सर्व्हर विनातक्रार सुरू झाला. संध्याकाळी पहिली फाइल आली आणि ती पुढे सरकेचना. लॉग कोरा. नेटवर्क पाहिलं, डिस्क पाहिली, परवानग्या पाहिल्या. ग्राहकाचा माणूस फोन ठेवायला तयार नाही. आमचा कॅच, म्हणजे चुका पकडणारा कोड, ‘एक्सेप्शन’ जातीच्या चुका धरत होता, आणि घडली होती ‘एरर’ या वेगळ्या जातीची. ती थ्रेडपूलने (मागे कामं चालवणाऱ्या थ्रेडच्या गटाने) गिळली होती. कॅचमध्ये दोन्ही जाती धरणारा ‘थ्रोएबल’ घालून पुन्हा डिप्लॉय केलं तेव्हा कुठे ती दिसली: नो-सच-मेथड-एरर, बाइटबफर या जावाच्या क्लासची फ्लिप मेथड सापडत नाही. फ्लिप! जावा १.४ पासूनची मेथड!

जावा ८ मध्ये ती ‘बफर’ या मूळ क्लासमध्ये आहे आणि ‘बफर’च परत देते. जावा ९ ने बाइटबफरला स्वतःची फ्लिप दिली, बाइटबफर परत देणारी. ११ च्या कंपायलरने आपल्याच लायब्ररीत पाहून या नव्या मेथडचा पत्ता क्लास फाइलमध्ये लिहिला. ८ वर त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही. सोर्स भाषेचे नियम बघतं, टार्गेट बाइटकोडचा नंबर. लायब्ररी कोणती धरायची हे दोघंही सांगत नाहीत. बूटस्ट्रॅप क्लासपाथ (जावाची मूळ लायब्ररी कुठून घ्यायची तो पत्ता) सेट नाही, अशी वॉर्निंग कंपायलर देतो, पण हिरव्या बिल्डमधल्या वॉर्निंग कोण वाचतं? २०१७ मध्ये जावा ९ बरोबर आलेला ‘रिलीज’ पर्याय ८ ठेवला, की ८ ची एपीआयच, म्हणजे ८ च्या लायब्ररीतले क्लास आणि मेथडच, कंपायलरसमोर राहते. म्हणून माझा हट्ट. याला ‘फॉर्मॅलिटी’ म्हटलं की मला राग येतो, आणि तो येणारच.

रिलीजने सगळं भागतं असा माझा दावा नाही. जेडीकेची आतली पॅकेजेस उघडायला कंपायलरचा ‘ॲड-एक्सपोर्ट्स’ हा पर्याय लागला, तर तो रिलीजबरोबर चालत नाही. तिथे मलाही रिलीजची ओळ काढावी लागते.

पूर्वी मी म्हणायचो, सगळ्यांच्या मशीनवर एकच जेडीके टाका, वाद मिटला. आज मी त्या जुन्या ‘मी’ला सांगतो, बाबा रे, शेजारच्या प्रोजेक्टला १७ लागतो, लोकांनी दिवसभर जेडीके बदलत बसायचं का? त्यावर तो विचारतो, “आणि टेस्ट कुठल्या जावावर चालतात?” याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. रिलीज ८ असला तरी टेस्ट ११ वरच चालतात, आणि रनटाइमच्या वागण्यातला फरक कंपायलरला दिसत नाही. सीआयवर (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) जावा ८ चा वेगळा जॉब लावावा असं मला वाटतं. टीममधल्या निम्म्या लोकांना ते वेळखाऊ वाटतं. त्यावर पुढच्या बैठकीत पुन्हा भांडू. पॉममधली रिलीजची ओळ मात्र तोवर कुणी काढू नये.