स्टेरॉइडची गोळी आणि मावशी

आजचा दिवस मावशीबरोबर हॉस्पिटलात गेला. संधिवातासाठी ती कित्येक महिने प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेत होती. चेहरा सुजायला लागला म्हणून गेल्या आठवड्यात तिने गोळी एकदम बंद केली. आज सकाळी उठवेना, उलट्या, बीपी पार खाली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मूत्रपिंडांच्या टोकावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी त्यांना हुकूम देणं थांबवते आणि त्या आक्रसतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळी चालली तरी हे होऊ शकतं. पुन्हा जाग यायला कधी कधी वर्षसुद्धा लागतं! म्हणून डोस हळूहळूच उतरवायचा.

औषधाला मी नावं ठेवणार नाही. याच गोळीने मावशी पुन्हा पोळ्या लाटायला लागली होती. पण हे तिला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, याचा मला खरंच राग आलाय.

सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर संध्याकाळी ती चहा प्यायली. मोठा ताप किंवा ऑपरेशन असेल तेव्हा डोस वाढवावा लागतो, म्हणून ‘स्टेरॉइड चालू आहे’ अशी चिठ्ठी तिच्या पर्समध्ये ठेवली आहे. तुमच्या घरी कुणी घेत असेल तर तुम्हीही ठेवा.