नवतप्याच्या तोंडावर 1/10 बग्गी: पिनियन, ऑइल आणि फुफाटा

थंडीत बसवलेला सेटअप मे महिन्यात नागपुरात चालत नाही. 25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागायच्या आत रिमोटवर चालणाऱ्या टू-व्हील ड्राइव्ह रेसिंग बग्ग्यांवर काय काय बदललं आणि का, त्याची ही नोंद. गाडी 1/10 (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी), मोटर 10.5 टर्न (तारेचे वेढे) सेन्सर्ड ब्रशलेस, बॅटरी टू-एस (दोन सेलची) लायपो, रेस पाच मिनिटांची.

सगळ्यात आधी गिअरिंग. मोटर किती तापली यापेक्षा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तापली, हा आकडा लिहून ठेवा. जानेवारीच्या सकाळी हवा 18 अंश आणि पाच मिनिटांनंतर मोटर 58, म्हणजे वाढ 40 अंशांची. तोच पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चक्र), तोच ट्रॅक, पण संध्याकाळची हवा 43 असेल तर मोटर 83 वर जाते. थंडीत निवांत वाटलेलं गिअरिंग उन्हाळ्यात रोटरचं चुंबक कमजोर करतं, आणि ते परत येत नाही. आपली मर्यादा 75 ठेवली आहे.

म्हणून 72 दातांच्या स्परवर (पिनियन फिरवतो ते मोठं चक्र) 22 ऐवजी 20 दातांचा पिनियन. गिअरबॉक्सचा रेशो 2.6 धरला तर फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे, 8.51 वरून 9.36 वर येतो. सरळ पट्ट्यात टोकाचा वेग थोडा जातो, पण आपल्या ट्रॅकवर तो पट्टा आहेच किती! वळणातून बाहेर पडताना गाडी उलट जास्त चपळ लागते. मोटरचं टायमिंग (करंट किती आधी द्यायचा ते) वाढवून गेलेला वेग भरून काढायचा मोह होतो. नवतप्यात ते करू नका, वाचवलेली उष्णता तिथेच परत येते.

पिनियन बदलला की मेश, म्हणजे दोन चक्रांच्या दातांमधलं अंतर, नव्याने लावायचाच. 48 पिचमध्ये (दातांचं माप) दोन दात कमी झाले की मोटर स्परकडे साधारण अर्धा मिलिमीटर सरकवावी लागते. ती तशीच राहिली तर दात टोकावर अडतात आणि पहिल्याच जंपवर स्परचे दात सोलून निघतात. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. मग स्पर एक पूर्ण फेरा हळूहळू फिरवून बघा. स्पर कधीच अगदी गोल नसतो, एका जागी घट्ट लागतो. त्या जागीही केसभर ढिलाई हवी. मोटरचे स्क्रू बदलताना लांबी तपासा, लांब स्क्रू आत वाइंडिंगला टेकतो.

तापमान मोजायची बंदूक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर धरली तर आकडा खोटा, कमी येतो. मोटरच्या कॅनवर (बाहेरच्या कवचावर) काळ्या मॅट टेपचा तुकडा चिकटवा आणि दरवेळी तिथेच मोजा. गाडी थांबल्यावर लगेच मोजू नका. आतली उष्णता बाहेर यायला मिनिटभर लागतो आणि खरा आकडा तेव्हा दिसतो.

बॅटरी चार्ज करताना 45 अंशांच्या खाली हवी, आणि मे महिन्यात दुपारी सावलीतली हवाच तिथे पोचते. त्यामुळे चार्जिंग घरून, 5000 एमएएचला 5 अँपिअरवर, आणि पॅक थर्माकोलच्या डब्यात. डब्यात बर्फ ठेवू नका, पॅकवर दव धरतं. रेसनंतर वीस मिनिटं तरी थंड होऊ द्यायचं. घरी परतल्यावर स्टोरेज, 3.8 व्होल्ट प्रति सेल. भरलेला पॅक बंद गाडीच्या डिकीत राहिला की फुगतो.

शॉक ऑइल (धक्के शोषणाऱ्या शॉकमधलं; आकडा मोठा तितकं घट्ट) पुढे 35 चं 40, मागे 30 चं 35. गरम सिलिकॉन ऑइल पातळ होतं आणि जंपनंतर चासी जमिनीला आपटते. आपटण्याचा आवाज येत असेल तर स्प्रिंग बदलण्याआधी ऑइल बदला. शॉकच्या दांड्याभोवती तांबूस धुळीचं कडं दिसलं की ओ-रिंग संपत आली समजा. पुसताना धूळ आत ढकलली जाते, म्हणून दांडा पूर्ण बाहेर ओढून मऊ ब्रशने खाली झाडा.

एक गोष्ट इथे फार कमी जण करतात. कोरड्या हवेत चाकं धरणारे नायलॉनचे आर्म पाणी सोडून कडक आणि ठिसूळ होतात, साध्या धडकेतही कडकन तुटतात. नवे आर्म दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळा, सपाट जागी ठेवून पाण्यातच थंड होऊ द्या. वाकतील, पण तुटणार नाहीत.

आता ट्रॅक. खाली काळी माती, तिला भेगा पडतात, म्हणून वर चाळलेल्या मुरुमाचा थर. पाणी रेसच्या आधी नाही, आदल्या संध्याकाळी, बारीक फवाऱ्याने दोनदा. ऐनवेळी मारलेलं पाणी वरच राहतं, टायरच्या पिनांमध्ये चिखल भरतो आणि तासाभरात परत फुफाटा. जंपवर ओलं गोणपाट रात्रभर टाकलं की त्यांच्या कडा ढासळत नाहीत. हीट, म्हणजे रेसच्या फेऱ्या, सकाळी सहा ते आठ, मग थेट सूर्य कलल्यावर.

मृग लागायच्या आत मुरुमाचा आणखी एक थर आणि एका बाजूला उतार द्यायचा आहे. काळी माती फुगली की वरचा थर वाकडातिकडा उचलला जातो, त्यामुळे पाणी ट्रॅकखाली मुरायच्या आधीच बाहेर निघायला हवं. फावडी आणि घमेली लागतील.