सेंट्सची मॅच, गंबो आणि आई

रविवार रात्र

भांडी सिंकमध्येच आहेत, असू देत, आधी लिहून टाकते. न्यू ऑर्लिन्सला लागून मेटरीत राहायला आल्यापासून सेंट्सची (इथली अमेरिकन फुटबॉलची टीम) एक मॅच बघायचा बेत आपल्या घरी ठेवायचा असं नुसतं चाललेलं, आज एकदाचा मुहूर्त लागला, आणि तोही अटलांटाच्या फाल्कन्सविरुद्ध. इथल्या लोकांना बाकी कोणाकडूनही हरलेलं चालतं, अटलांटाकडून नाही.

मॅच दुपारी १२ ला म्हणून सकाळीच गंबोसाठी (इथला दाट रस्सा, भाताबरोबर खातात) रू करायला घेतला. तेल आणि मैदा जवळपास सारखे, आणि मग ढवळत बसा, हात थांबला की खाली लागलं, आणि काळे ठिपके दिसले की सगळं फेकून परत पहिल्यापासून, त्यात तडजोड नाहीच. आई सध्या साताऱ्याहून आलीये, ती जरा वेळ बघत उभी राहिली मग म्हणाली "सरक बाजूला, बेसन भाजल्यासारखंच आहे की हे" आणि चमचा काढूनच घेतला. रंग चॉकलेटी झाल्यावर मी बास म्हटलं तर म्हणे अजून जाऊ दे. बरोबर होती, पण तिला सांगितलं नाही. मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची (यांना इथे होली ट्रिनिटी म्हणतात), चिकन, आंदुई सॉसेज. भेंडीवरून मात्र वाजलं. आई म्हणे आधी परतून घे, चिकट होईल. अगं चिकटच व्हायला हवीये! आपण जन्मभर ज्याच्या मागे लिंबू घेऊन लागतो त्यावरच इथे रस्सा दाट होतो. भेंडी नको असेल तर फिले, म्हणजे ससाफ्रासच्या पानांची पूड, इथल्या मूळनिवासी चॉक्टॉ लोकांकडून आलेली, पण ती गॅस बंद केल्यावरच, उकळली की तार येते.

आईसाठी रेड बीन्स अँड राइस, सॉसेज न घालता. शेजारचे काका बघून म्हणाले रविवारी रेड बीन्स?? ते सोमवारचं जेवण, पूर्वी त्या दिवशी बायका कपडे धुवायच्या आणि बीन्स चुलीवर आपापले शिजत राहायचे. असं म्हणत दोनदा वाढून घेतलं त्यांनी. लाफायेटकडच्या एका मैत्रिणीने जांबालाया (मांस घालून केलेला मसालेभात) आणला, बिनटोमॅटोचा, कारण तो केजन, टोमॅटोवाला लाल तो शहरातला क्रिओल, आणि यावर ही मंडळी खरंच भांडू शकतात. केजन म्हणजे १७५५ पासून इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातून हाकललेल्या फ्रेंच लोकांचे वंशज. गंबोत ती बटाट्याचं सॅलड घालून खाते. मला नाही आवडलं, आईला सॅलड नुसतंच आवडलं.

खेळ ६० मिनिटांचा पण चालतो तीन तास, आई सारखी विचारत होती आता का थांबले. म्हटलं तू वाढ. पातेलं मंद गॅसवर, ज्याने त्याने घ्यावं, यजमानाला टीव्ही सोडून उठायला लागत नाही, मॅचला हेच जेवण बरं.

हाफटाइमला काका २००६ वर आले. कत्रीना वादळानंतर २००५ च्या सीझनला सेंट्सना घरच नव्हतं, सॅन अँटोनियो आणि बॅटन रूजला खेळत फिरले. २५ सप्टेंबर २००६ ला सुपरडोम (सेंट्सचं घरचं स्टेडियम) परत उघडलं, समोर हेच फाल्कन्स, आणि सुरुवातीच्या दीड मिनिटातच स्टीव्ह ग्लीसनने पंट (समोरच्यांनी लांब मारलेली किक) अडवला, त्यावर टचडाऊन, म्हणजे सहा पॉइंट. २३-३ ने जिंकले. काका तेव्हा ह्यूस्टनला भाचीकडे, घराची छत गेलेली, म्हणाले घरी परत यायचं ते त्या रात्री ठरवलं. आईला अर्धंच इंग्लिश कळलं असेल पण तिने न विचारता त्यांच्या ताटात अजून भात वाढला.

आज हरलोच शेवटी. काका हसत म्हणाले १९८० मध्ये आम्ही १६ पैकी एक जिंकलेलो, लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियमला जायचे, हे काय घेऊन बसलात.

गंबो उरलाय भरपूर, उद्या जास्त चांगला लागेल. पुढच्या वेळी सोमवार रात्रीची मॅच बघून ठेवायला हवी, २००६ वाली पण सोमवारचीच होती, आणि रेड बीन्सवरून कोणाची बोलायची सोय नाही.