रोस्ट आतून गुलाबी असतो, कच्चा नाही

इंग्लंडात ख्रिसमसला बीफ रोस्ट कापला की काप आतून गुलाबी निघतात आणि आपल्याकडून आलेले पाहुणे ताट पुढे करत नाहीत. बशीत उतरणारं लाल पाणी रक्त नसतं. तो रंग स्नायूतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा.

पण पाहुण्यांची शंका अगदीच खोटी नाही. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या सांगण्यानुसार जंतू मांसाच्या बाहेरच्या बाजूला असतात. त्यामुळे अखंड तुकडा बाहेरून नीट भाजला, तर आतून गुलाबी चालतो. हाड काढून गुंडाळलेला रोल मात्र पूर्ण शिजायलाच हवा, कारण बाहेरची बाजू गुंडाळताना आत जाते. खिम्याचंही तेच. आपण खिमा रटरटून शिजवतो ते बरोबरच आहे. दुकानात दोरी दिसली की विचारा : नुसता बांधलाय की गुंडाळलाय?

खास जेवणाला फोर रिब (fore rib), म्हणजे पुढच्या बरगड्यांचा तुकडा घ्या, दोन हाडांचा, साधारण २ किलो. पाच जणांना पुरतो. सिल्व्हरसाइड, म्हणजे मागच्या मांडीचा तुकडा स्वस्त, पण चरबी कमी असल्याने भाजला की चामट होतो.

आदल्या रात्री २० ग्रॅम मीठ सगळीकडून चोळा आणि फ्रिजमध्ये तळाच्या कप्प्यात न झाकता ठेवा. मिठाने आधी पाणी सुटतं, मग ते खारं पाणी परत आत मुरतं आणि वरची बाजू कोरडी होते. ओला तुकडा भाजला जात नाही, आधी वाफवला जातो. भाजण्याआधी तासभर बाहेर काढा, मिरपूड लावा.

ओव्हन २३० अंशांवर २० मिनिटं, मग १६० वर. पंख्याचा ओव्हन असेल तर दोन्ही आकडे २० ने कमी. पुढे दर ५०० ग्रॅमला १५ मिनिटं हा फक्त अंदाज. जाड तुकडा आणि लांबट तुकडा एकाच वजनाचे असले तरी एका वेळी होत नाहीत, म्हणून थर्मामीटर घ्याच. टोक सगळ्यात जाड भागात खुपसा. हाडाला टेकलं तर आकडा चुकतो. ५० अंश दिसले की बाहेर.

इथे सगळे घाई करतात. बाहेर काढल्यावरही तापमान चढत राहतं आणि अर्ध्या तासात ५५ च्या आसपास येतं. लगेच सुरी लावली तर रस पाटावर वाहतो आणि काप कोरडे लागतात. फॉइल सैलसर टाका. घट्ट गुंडाळलं तर वाफेने वरचा खरपूस थर मऊ पडतो. तेवढ्यात ओव्हन २२० वर नेऊन यॉर्कशर पुडिंग करा, गोड नव्हे, रोस्टसोबत खायचा फुगलेला पावासारखा प्रकार : अंडी, दूध, मैदा एकाच वाटीने सम प्रमाणात, साच्यातली चरबी धूर येईपर्यंत तापलेली. मधे दार उघडलं की पुडिंग बसतं.

सोबत किसलेलं हॉर्सरॅडिश, एक झणझणीत मूळ. फेसलेली मोहरी जशी नाकात जाते, अगदी तसंच. आच लागली की झणका जातो, म्हणून ग्रेव्हीत घालू नका.

ज्यांना गुलाबी नकोच, त्यांना दोन्ही टोकांचे काप द्या. ते जास्त शिजलेले असतात. सगळ्यांनाच नको असेल तर फोर रिब वाया घालवू नका. ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा घ्या आणि गोव्याच्या पद्धतीने करा : आलं-लसूण, मिरी, व्हिनेगर लावून रात्रभर मुरवा, जाड पातेल्यात चहूबाजूंनी परतून दोन वाट्या पाण्यात झाकून मंद आचेवर तीन-साडेतीन तास. चिवट तंतू सुटायला एवढा वेळ लागतोच. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचंही मांस बंद आहे, मिळतं ते म्हशीचं, बहुतेकदा वयस्क जनावराचं. ते वीस मिनिटांत मऊ होणारच नाही. आपला रोस्ट पूर्ण शिजतो तो त्या मांसाला तसाच हवा म्हणून. गार झाल्यावरच पातळ कापा, गरम असताना भुगा होतो.