राखेतून वाचलेला कोळशाचा थर

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला कोळसा घेतला म्हटल्यावर घरचे म्हणाले, "मग एकलहऱ्याला जा की, वॅगनी भरून येतो." गाईड मॅडमनी नकारार्थी मान हलवली. वीज केंद्रावरच्या ढिगात सगळे थर मिसळलेले. त्यावरून उष्णता मोजता येईल, थर कसा साचला ते कळणार नाही. आणि आपल्या नाशिकखाली तर नुसता बेसाल्ट, थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक. (बोअरचा काळा चुरा दाखवून "कोळसाच ना?" विचारणारे काका प्रत्येक गल्लीत असतात.)

म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडची कोळसा खाण गाठली. परवानगीचं पुराण सांगत बसत नाही. थराचा दर्शनी भाग खरवडून तळापासून माथ्यापर्यंत चकचकीत पट्टे, मळकट पट्टे आणि मधली शेल (चिखल घट्ट होऊन झालेला खडक) वेगवेगळ्या पिशव्यांत भरली. हा बराकर शैलसमूह, पर्मियन काळातला, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा वीसेक कोटी वर्षं जुना.

नाशिकला परतल्यावर खरं काम. कोळसा वाळवून २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका दळायचा. नाकातोंडात काळं. मग वजन करून भट्टीत, ८१५ अंशांवर राख. भट्टी हळूहळूच तापवायची. घाई केली, तर पायराइट या लोह-सल्फरच्या खनिजातून सुटलेलं सल्फर चुन्याशी जुळून राखेतच अडकतं आणि राखेचं वजन फुगतं. दुपारच्या दुपार त्यात गेल्या.

राखेचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक मोजायची चाचणी) पैसे भरून बाहेरून करून घेतलं. आकडे आलेखावर मांडले आणि जीव भांड्यात पडला: राख वाढेल तसं सिलिका आणि ॲल्युमिना, चिकणमातीचे मुख्य घटक, दोन्ही वाढत होतं. म्हणजे राखेचा मोठा वाटा चिकणमातीचा, पुराच्या पाण्याने दलदलीत आणून टाकलेल्या गाळाचा. ग्लॉसोप्टेरिसची (आता नामशेष झालेली) झाडं कुजत होती तिथेच नदी अधूनमधून घुसत होती. शेलच्या पट्ट्यालगतच्या कोळशात राख सर्वाधिक, तेही याच्याशी जुळलं. भारतातला गोंडवाना कोळसा (बराकर थरांतला हा त्यातलाच) धुऊनही पूर्ण स्वच्छ होत नाही तो यामुळेच. माती कोळशाच्या कणाकणात बसलेली असते.

सल्फर एक टक्क्याच्या आत. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: "म्हणजे समुद्राचा संबंध नाहीच?" मी म्हटलं, सर, समुद्राच्या पाण्यातून कोळशात सल्फर येतं, म्हणून ते कमी असणं गोड्या पाण्याकडे बोट दाखवतं, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, समुद्राच्या पाण्यात जास्त असणारं बोरॉनही मोजायला हवं. ते आमच्याकडे होत नव्हतं. प्रबंधात "गोड्या पाण्याची दलदल असण्याची शक्यता अधिक" एवढंच लिहिलंय.