खाण बंद झाली, आमची फाईल चालूच

‘लीज संपले, सबब देणेही संपले.’ शेताच्या भरपाईसाठी आम्ही पाठवलेल्या नोटिशीला खाण कंपनीच्या वकिलाने दिलेल्या चार पानी उत्तराचा अर्थ एवढाच होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाण लीजांचे नूतनीकरण रद्द केले, मार्चच्या मध्यावर खाणी थांबल्या. त्यात आमच्या शेताला लागून असलेली खाणही होती.

जमीन डिचोली तालुक्यात. खाली सरद (पावसाळी) आणि वायंगण (उन्हाळी) अशी भाताची दोन पिके देणारे शेत, वर काजूची भरड, म्हणजे चढावरची कोरडी जमीन. शेत लीजच्या हद्दीत, भरड हद्दीबाहेर. भरडीवर कंपनीने टाकाऊ मातीचा डंप उभा केला होता. खाणीचा खड्डा खोल गेला, पाण्याचा उपसा वाढला, झर आटली आणि आधी वायंगण गेले. मग दर पावसात डंपाचा तांबडा गाळ उतरून सरदही बुडाले. डिचोली-सत्तरीतल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

घरात मात्र सगळ्यांच्या डोक्यात खनिजच होते. पुण्याच्या चुलतभावाने सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा केरळचा निकाल पाठवला: जमिनीच्या मालकाचीच खाली सापडणारी खनिजे. त्याने तर खनिजाचा हिशेबही मांडून ठेवला होता. आमचे वकील हसले. म्हणाले, “बाय, तो मलबारातल्या जन्मी, म्हणजे पूर्वापार खासगी मालकीच्या, जमिनींचा निकाल. आपल्याकडे पोर्तुगीज सरकारने खनिज आपले मानून कन्सेशनी, म्हणजे खाणकामाचे हक्क, वाटल्या. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून त्यांची लीज केली. त्या लीजवर सह्या सरकारच्या आणि कंपनीच्या. तुमच्या आजोबांना कुणी विचारले होते?”

कुणीच नाही. खाण कायद्याचे कलम २४अ मात्र जमिनीच्या पृष्ठभागाच्या कब्जेदाराला भरपाई देते. लीजधारकाला जमिनीत शिरण्याचा हक्क आहे, पण खाणकामाने होणारे नुकसान त्याने भरून द्यायचे आणि ती रक्कम सरकारने नेमलेला अधिकारी ठरवणार. म्हणून पहिला प्रश्न आला, कब्जेदार कोण?

एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबाराच म्हणा) नाव आजोबांचे. ते जाऊन कित्येक वर्षे झालेली. गोव्यात मुलींनाही मुलांइतकाच वाटा, शिवाय लग्नानंतरच्या सामाईक मालमत्तेच्या नियमाने प्रत्येकाच्या नवरा-बायकोचाही त्यात हात. म्हणजे बेळगावची आते, मुंबईची आते, त्यांचे यजमान, सगळ्यांची कागदपत्रे गोळा करायची. या कामात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. खाण कंपनीशी भांडणे त्यामानाने सोपे. आते फोनवर म्हणायची, “पैसे येणार असतील तर सही करते, भांडण येणार असेल तर मला नको.” दोन्ही येणार होते.

शेताच्या एका तुकड्यावर कूळ लागलेले. कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कुळे कसत्या जमिनीची मालक मानली गेली, तेव्हा त्या तुकड्याचा कब्जेदार आम्ही नव्हतोच. आम्ही त्यांना वेगळा अर्ज करायला सांगितले आणि आमच्या वकिलांनीच तो लिहून दिला. हे ऐकून कंपनीच्या माणसाचा चेहरा पडला. भाटकार (जमीनमालक) आणि कूळ एकमेकांवर हरकती घेत बसतील, या हिशेबाने त्याने सुनावणीला भली जाड फाईल आणली होती.

हद्दीचे काम किचकट निघाले. जुन्या कन्सेशनचा नकाशा आपल्या सर्व्हे नंबरांच्याही आधीचा. त्यात खांब, अंतरे आणि दिशा, सर्व्हे नंबर कुठेच नाही. माहिती अधिकारात लीजचा नकाशा मिळवला आणि तो सर्व्हेच्या नकाशावर बसवण्यासाठी मोजणी मागितली. कार्यालयाचे उत्तर ठरलेले, ‘पळोवया’, म्हणजे बघू. मोजणी एकदाची झाली तेव्हा कळले की शेताची वरची कड हद्दीबाहेर आहे. डंपाचा पायथा त्याच कडेवर चढलेला!

इथून वकिलांनी कंपनीला दोन्ही बाजूंनी धरले. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की गोव्यातली ही लीजे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली आणि लीजबाहेर डंप टाकण्याची मुभा कायद्यात नाही. म्हणजे लीज जिवंत होते म्हणाल, तर शेताची भरपाई द्या. मेलेले होते म्हणाल, तर त्यानंतर दुसऱ्याच्या जमिनीत कुठल्या हक्काने बसलात ते सांगा. पहिल्या उत्तरातले ‘लीज संपले’ पुढच्या उत्तरात अचानक दिसेनासे झाले. त्याऐवजी नवा मुद्दा आला, डंपातले खनिज आता सरकारचे, आम्ही ते हलवू शकत नाही.

भरडीसाठी कंपनीकडे धाकट्या काकांनी सही केलेला करार होता. वर्षाला ठराविक भाडे, मुदत ‘काम संपेपर्यंत’. काम कशाला म्हणायचे आणि ते संपले हे कुणी ठरवायचे, कुठेच लिहिलेले नाही. काकींची सही नाही, इतर भावंडांची तर नाहीच. काकी कोर्टात सरळ म्हणाल्या, “माझ्यापुढे कागद आला असता तर मी आधी वाचला असता.” सामाईक स्थावरावर एकट्याच्या सहीने कायमचा डोंगर उभा करता येत नाही, असे आमचे म्हणणे. तो दिवाणी दावा डिचोलीच्या कोर्टात अजून चालू आहे.

शेताच्या भरपाईचा निर्णय मात्र झाला. नियमात शेतजमिनीसाठी ‘तशाच जमिनीच्या’ मागच्या तीन वर्षांतल्या सरासरी निव्वळ उत्पन्नाचा आधार आहे. ‘तशाच’ या शब्दाने आम्हाला तारले, कारण आमच्या शेतात पिकाचा पत्ताच नव्हता. कंपनी म्हणाली, उत्पन्न शून्य तर भरपाईही शून्य. आम्ही खाणीपासून दूरच्या, पाणी टिकलेल्या गावातली दुपिकी शेते दाखवली, कृषी कार्यालयाचे दाखले जोडले. कंपनीने एकपिकी कोरडवाहू शेते पुढे केली. झर खाणीनेच आटवली असताना आम्हाला कोरडवाहू कसे धरता, एवढा एकच प्रश्न आमच्या वकिलांनी विचारला. अधिकाऱ्यांनी दुपिकी शेत धरले.

रक्कम ऐकून मुंबईची आते म्हणाली, “एवढ्यासाठी मी यजमानांची सही पाठवली?” तिचे चुकीचे नाही. मजुरी, बी-बियाणे, खत वजा करून भाताचे जे काही उरते तेच मोजले जाते. खालून काय निघाले याच्याशी या हिशेबाचा संबंध नाही. लोहखनिजाच्या किमतीवर १५ टक्के रॉयल्टी सरकारला जाते, जुन्या लीजांसाठी त्या रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा खनिज निधीत जातात आणि तो निधी खाणपट्ट्यातल्या कामांसाठी असतो. शेतवाल्याच्या हाती भाताचा नफा. नियम असाच आहे आणि मला तो उघड अन्यायाचा वाटतो. तरी अर्ज केला नसता तर तेवढेही आले नसते.

आता नवी गोष्ट सुरू झाली आहे. डिसेंबर २०२२ पासून गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले, आणि जुनी लीजे एकत्र करून केलेल्या ब्लॉकांत घरे, देवळे, शेते आल्याची तक्रार गावागावांतून झाली. आमचे शेतही एका ब्लॉकात आहे. नव्या कंपनीची माणसे परवा येऊन गेली, अगदी अदबीने. सोबत छापील करारनामा होता, सहीची जागा एकाच माणसासाठी. आम्ही तो ठेवून घेतला आणि वार्षिक भरपाई आधी ठरवून द्यावी असा अर्ज मोजणीच्या नकाशासकट दुसऱ्याच दिवशी दाखल केला. त्यावर काकींची सही आहे.